तिफण : सेटअप स्क्रिप्टचं टूल करतानाच्या नोंदी

२४ नोव्हेंबर, लातूर

सकाळपासून सात फोन आले, सातही एकाच कामाचे. नांदेडच्या ताई क्लायंटकडं बसलेल्या, नवीन प्रोजेक्ट उभा करायचाय आणि मी पाठवलेली स्क्रिप्ट त्यांच्या लॅपटॉपवर तिसऱ्या ओळीलाच आडवी झालेली. "अरे, हे कुठलं फोल्डर मागायलंय?" म्हणे. माझ्या लॅपटॉपवरचं फोल्डर मागत होती ती, माझ्या युजरनेमसकट.

मागचं थोडं लिहून ठेवतो. आम्ही सहा जण, ऑफिस औसा रोडला, कामं म्हणजे आडत दुकानांचे हिशोब, ट्युशनवाल्यांच्या फी आणि टेस्टा, मधूनच एखादी दाळ मिल. सगळं जँगो (पायथॉनमधे वेबसाइट करायचं साधन) आणि पोस्टग्रेस ह्या डेटाबेसवर. नवीन काम आलं की पहिला अर्धा दिवस तेच ते, फोल्डर करा, गिट (कोडातले बदल नोंदवणारं) चालू करा, व्हेन्व (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथॉन) करा, डेटाबेस करा, सेटिंग्ज जुन्या प्रोजेक्टमधून उचला, एनजिनएक्स ह्या वेब सर्व्हरची फाइल लिहा. कंटाळून दोन वर्षांखाली मी त्याची बॅश स्क्रिप्ट (टर्मिनलच्या कमांडांची फाइल) केली. तिचं नाव आधी सेटअप, मग सेटअप-२, मग सेटअप-फायनल, आणि सध्या चालू असलेली सेटअप-फायनल-नवीन. ३४० ओळी. व्हॉट्सॲपवरून फिरते त्यामुळं सहा जणांकडं सहा वेगळ्या निघतील.

आता टूल करायचं. एकदा इन्स्टॉल, एक कमांड, आणि त्यासाठी मला फोन यायला नको. जमलं का नाही ते कळावं म्हणून रोजचे फोन लिहून ठेवणार. (नोंदी मराठीत आहेत म्हणून कमांडासुद्धा देवनागरीत लिहायलोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

फोन: ७

२५ नोव्हेंबर

कोड लिहिला नाही, नुसती स्क्रिप्ट वाचली, दुसऱ्या कुणी लिहिलीय असं समजून. लाजच वाटली.

माझ्या होम फोल्डरचा पत्ता नऊ ठिकाणी. पोस्टग्रेसचा पासवर्ड सरळ स्क्रिप्टात, आणि ती स्क्रिप्ट गिटमधे, म्हणजे आज काढला तरी जुन्या कमिटात, म्हणजे गिटमधल्या जुन्या नोंदीत, तो राहणारच. हिस्टरी साफ करायची साधनं आहेत पण ती सहा जणांच्या व्हॉट्सॲपवर चालत नाहीत, त्यामुळं पासवर्ड बदलणे हाच उपाय, तो आजच केला.

पुण्यात राहून आमचं काम करणाऱ्याकडं मॅक आहे, त्याच्याकडं ही स्क्रिप्ट कधीच चालली नव्हती आणि तो बिचारा गुपचूप सगळं हातानं करायचा, हे आज कळलं. कारण दोन. एक म्हणजे मॅकसोबत येणारं बॅश अजून ३.२ वरच आहे, बॅशनं चौथ्या आवृत्तीला लायसन जीपीएल ३ केलं तेव्हापासून ॲपलनं नवीन घेतलंच नाही, आणि मी वापरलेला नाव-किंमत जोडीचा ॲरे बॅश ४ मधे आलेला. दुसरं म्हणजे सेड, फाइलीतला मजकूर बदलणारी कमांड. लिनक्सवर 'जागेवरच बदल' सांगायला नुसतं मायनस आय पुरतं, मॅकचं सेड त्याच्यापुढं बॅकप फाइलचं शेपूट काय लावू म्हणून विचारतं, आणि मिळालं नाही तर पुढचा शब्दच शेपूट समजून घेतं. बघायला कमांड तीच, वागणं वेगळं.

सगळ्यात भ्यायला झालं ते १८८ व्या ओळीला. 'टेम्प फोल्डरमधे जा' आणि त्याखाली 'इथलं सगळं पुसून टाक'. वरची कमांड फेल झाली की थांब, असं सांगणारी ओळ स्क्रिप्टात कुठंच नाही! म्हणजे फोल्डर नसलं तर 'जा' फेल, आणि पुसणं चालू, आपण ज्या फोल्डरात उभे आहोत तिथंच. दोन वर्षं नशिबानं वाचलो. ऑफिसात सगळ्यांना मेसेज टाकला, जुनी स्क्रिप्ट आजपासून बंद.

फोन: ४ (त्यातले दोन "मग आता काय वापरू?")

२७ नोव्हेंबर

पुण्याच्या गड्यानं बरोबर विचारलं, हे सगळं कामून लिहायलास बे, कुकीकटर आहे की. आहे, टेम्प्लेटवरून (रिकाम्या जागा ठेवलेल्या नमुना फाइली) नवा प्रोजेक्ट उभा करणारं टूल. २०१३ पासून आहे आणि चांगलं आहे. कॉपियर पण आहे, त्यात टेम्प्लेट बदललं की जुन्या प्रोजेक्टातसुद्धा बदल ओढून घेता येतो. दोन्ही दिवसभर वापरून पाहिले.

पण आमच्या ३४० ओळीतल्या टेम्प्लेट भरायच्या ओळी शंभरच्या आसपासच. बाकी डेटाबेस करणे, युजर करणे, हुक (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टा) लावणे, मायग्रेशन चालवणे (डेटाबेसात टेबलं करणे). ते कुकीकटरच्या हुकात घालता येतं, पण मग परत स्क्रिप्टच लिहायची, फक्त दुसऱ्याच्या घरात. शिवाय दोन्ही टूल टेम्प्लेट भरायला जिंजा वापरतात, दुहेरी महिरपी कंसवालं, आणि जँगोच्या एचटीएमएलमधे पण तेच कंस. प्रत्येक फाइलीत 'हे तुझं नाही, सोड' म्हणून सांगत बसावं लागतं.

म्हणून साधं पायथॉन, बाहेरची एकही लायब्ररी नको. कमांड वाचायला आर्गपार्स, टेम्प्लेट भरायला पायथॉनचंच स्ट्रिंग टेम्प्लेट. त्यात डॉलरचं चिन्ह लागतं, आणि एनजिनएक्सच्या फाइलीत डॉलर होस्ट, डॉलर यूआरआय असले डॉलर पसरलेले, पहिल्याच फाइलीला आपटलं. क्लासमधे डिलिमिटर, म्हणजे ही खूण, बदलता येतो हे डॉक्युमेंटेशनमधे सापडलं, एका ओळीचं काम. दोन ॲट ठेवलेत. आमच्या कुठल्याच फाइलीत दोन ॲट शेजारी येत नाहीत, शोधून बघितलं.

लायब्ररी नको याचं अजून एक कारण म्हणजे बाजारातल्या आडत दुकानात नेट कसं असतं ते ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको.

फोन: ३

२९ नोव्हेंबर

नाव ठरलं. तिफण. आण्णांशी फोनवर बोलताना सुचलं, हरभऱ्याचं विचारत होतो. पेरणीचं अवजार, वर चाड्यात बी सोडायचं, खाली तीन फणातून सारख्या अंतरावर सरीत पडतं. आपले टेम्प्लेट पण तीनच, आडत, ट्युशन आणि कोरा. इंटर्नला तिफण म्हणजे काय माहीत नव्हतं. पोरगं लातूरचंच, गंजगोलाईत वाढलेलं. आता काय बोलावं.

२ डिसेंबर

चार दिवस लिहिलं आणि 'तिफण नवा' चालायला लागलं. पायप्रोजेक्टच्या फाइलीत एका ओळीत सांगायचं की तिफण म्हटलं की ह्या मॉड्यूलमधलं हे फंक्शन चालव, पिप (पायथॉनची पॅकेजं इन्स्टॉल करणारा) स्वतः कमांड तयार करून देतो. फार झकास वाटलं. व्हील (इन्स्टॉल करायचं पॅकेज) बांधलं, इंटर्नला पेनड्राइव्हवर दिलं, त्याच्याकडं इन्स्टॉल झालं, कमांड चालली आणि म्हणाली टेम्प्लेट सापडलं नाही.

माझ्याकडं तर चालत होतं! अर्धा तास त्याचाच लॅपटॉप दोषी धरला. मग कळलं की मी एडिटेबल इन्स्टॉल केलं होतं, म्हणजे माझ्याकडं कमांड थेट माझ्या सोर्स फोल्डरात जाऊन फाइली उचलायली. त्याच्याकडं फक्त व्हील. आणि व्हील म्हणजे शेवटी झिप फाइल, उघडून बघितलं तर आत नुसत्या पायथॉनच्या फाइली, टेम्प्लेटचा पत्ता नाही. व्हील बांधणाऱ्या सेटअपटूल्सला वेगळं सांगावं लागतं की ह्या पण घे.

सांगितलं, परत बांधलं. आता टेम्प्लेट आल्या पण नव्या प्रोजेक्टात डॉट गिटइग्नोर (गिटनं कुठल्या फाइली घ्यायच्या नाहीत त्याची यादी) नाही. स्टार लावून 'सगळ्या फाइली' म्हणलं तरी टिंबानं सुरू होणाऱ्या फाइली त्या सगळ्यात येत नाहीत. ही फाइल नसती तर पासवर्डवाली डॉट एन्व्ह पहिल्याच कमिटात गेली असती, आणि ते मला क्लायंटकडून कळलं असतं. उपाय गावठी केलाय, टेम्प्लेटमधे फाइलीचं नाव 'डॉट-गिटइग्नोर' असं शब्दात, लिहिताना टूल टिंब लावतं.

आजपासून नियम, टेस्ट करायची ती व्हीलवरून, वेगळ्या रिकाम्या व्हेन्वमधे. माझ्या फोल्डरात चाललं याला काही किंमत नाही.

फोन: २

४ डिसेंबर

आजची नोंद लिहू का नको झालंय. पण लिहितो.

सेटिंग्जची फाइल टेम्प्लेटात आणताना सीक्रेट कीवर नजर गेली. जँगो प्रत्येक नव्या प्रोजेक्टला वेगळी की तयार करून देतो, आणि जुनी स्क्रिप्ट ती फेकून जुन्या प्रोजेक्टची सेटिंग्ज फाइल जशीच्या तशी आणायची. म्हणजे अकराच्या अकरा क्लायंटांची की एकच! पासवर्ड रिसेटच्या लिंका, सही केलेल्या कुकीज, सगळ्यांवर ह्याच कीची सही. एका आडतीचा सर्व्हर कुणी उघडला तर दहा जणांच्या कुलपाची किल्ली आयती हातात. स्क्रिप्टनं कधी एरर दिली नाही म्हणून कुणाचं लक्षच गेलं नाही, माझंसुद्धा.

टूलमधलं दुरुस्त करणं सोपं, जँगोतच की तयार करायचं फंक्शन आहे, पन्नास अक्षरी, ते वापरलं आणि की थेट डॉट एन्व्हमधे लिहिली, फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशा परवानगीसकट. त्रास होता चालू असलेल्या अकराचा. की बदलली की लॉगिन असलेले सगळे बाहेर पडतात. जँगो ४.१ पासून जुनी की 'फॉलबॅक' म्हणून काही दिवस चालू ठेवता येते, पण आमची जुनी की हीच तर भानगड होती, ती चालू ठेवून काय मिळवायचं. त्यामुळं दहा जणांची रात्री साडेअकराला सरळ बदलली. अकरावे ट्युशनवाले, त्यांच्या ऑनलाइन टेस्टा चालू, पोरं मधेच बाहेर पडली तर पालक सरांना आणि सर मला खातील. तेवढ्या एकालाच फॉलबॅक दिला, सोमवारी काढायचा. (८ तारखेला काढला.)

सकाळी बाजार उघडला तसे फोन सुरू. "पुन्हा पासवर्ड मागायलंय." एका शेठला पासवर्ड आठवेना, मुनीमजी सुट्टीवर.

फोन: १४. हे टूलच्या खात्यात धरायचे का नाही, माहीत नाही. धरतो.

६ डिसेंबर

इन्स्टॉल कसं सांगायचं याच्यावर दिवस गेला. मी रीडमीत (टूलसोबतच्या माहितीच्या फाइलीत) लिहिलं होतं पिप इन्स्टॉल. ऑफिसातल्या उबुंटू २४.०४ वर पिप म्हणतो हे पायथॉन सिस्टमचं आहे, तुम्ही इथं काही टाकू नका. बरोबर म्हणतो, उबुंटूची स्वतःची कामं त्याच पायथॉनवर चालतात. पण इंटर्ननं शोधून काढलं की 'सिस्टम मोडली तरी चालेल' अशा अर्थाचा एक फ्लॅग आहे आणि तो लावून मोकळा. फ्लॅगच्या नावातच मोडणे आहे रे बाबा, वाच तरी.

आता पिपएक्स. तो प्रत्येक टूलला स्वतःचं वेगळं व्हेन्व करतो आणि बाहेर फक्त कमांड दिसते, आपण काही सांभाळायचं नाही. आमच्या गिट सर्व्हरचा पत्ता आणि टॅग (व्हर्जनची खूण) दिला की थेट तिथून उचलतो. एकच ग्यानबाची मेख, पिपएक्स पहिल्यांदा टाकल्यावर पाथमधे (कमांडा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) नोंद करावी लागते आणि टर्मिनल बंद करून परत उघडावं लागतं. हे रीडमीत तिसऱ्या ओळीत होतं. ते कुणी वाचलं नाही. आता पहिल्या ओळीत आहे.

एक मित्र म्हणाला की पायपीआयवर (पायथॉन पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर) टाक ना, जगात कुठूनही मिळेल. जगाला आमच्या हमाली-तोलाईच्या तक्त्याचं काय करायचंय. आणि तिथं एकदा टाकलेल्या फाइलीचं नाव पुसलं तरी परत वापरता येत नाही, माझ्यासारख्या दिवसाला चार व्हील बांधणाऱ्यानं लांबच राहिलेलं बरं. आपला गिट सर्व्हर बास.

फोन: ५ (तीन टर्मिनल बंद-उघडचे)

९ डिसेंबर

विंडोज. ताईंचा लॅपटॉप विंडोजचा, आणि आजचा घोळ असा की मी दिवसभर वैतागलो आणि संध्याकाळी जाम खूश झालो.

टेम्प्लेटात क्लायंटला द्यायची एक मराठी माहितीची फाइल असते, प्रकल्पाचं नाव, गाव, कुणाला फोन करायचा वगैरे. माझ्याकडं व्यवस्थित. ताईंकडं एरर, 'बाइट ८डी वाचता येत नाही'. ताईंनी प्रयोग म्हणून फाइलीत नुसतं 'लातूर' ठेवलं तर एरर नाही, पण छापून आलं ते फुटक्या अक्षरांचं. 'नांदेड' ठेवलं, तसंच फुटकं. 'तुळजापूर' ठेवलं तर परत एरर, ह्यावेळी बाइट ८१. ताई म्हणाल्या, "देवीचं नाव चालंना होय रे तुझ्या टूलला?"

मग कागद घेऊन बसलो. यूटीएफ-८ मधे (अक्षरं बाइटात साठवायची आजची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचे, मात्रेचे तीन तीन बाइट. विंडोजवर पायथॉननं फाइल उघडताना आपण एन्कोडिंग सांगितलं नाही तर तो मशीनचं जुनं कोडपेज (बाइट आणि अक्षरांचा तक्ता) धरतो, ताईंकडं १२५२, युरोपातल्या भाषांचं, एक बाइट एक अक्षर. त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत, ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, म्हणजे जोडाक्षर आलं की आपटलं. ऱ्हस्व उकाराचा ८१. 'झ' चा ९डी, 'ए' चा ८एफ, 'ऐ' चा ९०. दीर्घ ऊकाराचा ८२, तिथं तक्त्यात काहीतरी चिन्ह आहे म्हणून तो गुपचूप जातो. म्हणून 'प्रकल्प' अडतं, 'तुळजापूर' त्याच्या पहिल्या अक्षरालाच अडतं, आणि 'लातूर' बिनबोभाट कचरा होऊन छापलं जातं. मला तर अडलेलं परवडलं, त्याची एरर तरी येते. 'लातूर' घेऊन क्लायंटकडं गेलो असतो तर तिथं कळलं असतं.

उपाय एका शब्दाचा, फाइल उघडताना दर ठिकाणी एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहायचं. सतरा ठिकाणी लिहिलं. पायथॉन ३.१५ पासून हे आपोआप होणार म्हणतात, पण ताईंच्या लॅपटॉपवर ते कधी येणार.

विंडोजचंच दुसरं म्हणजे ओळीच्या शेवटी तो एक जास्तीचं अदृश्य अक्षर ठेवतो, त्यामुळं ताईंनी बनवलेल्या प्रोजेक्टातली शेल फाइल सर्व्हरवर गेली की 'असा इंटरप्रीटर नाही' म्हणते. लिहितानाच न्यूलाइन पक्की केली आणि टेम्प्लेटात गिट ॲट्रिब्यूट्सची (ओळीचा शेवट कसा ठेवायचा ते गिटला सांगणारी) फाइल टाकली.

फोन: ६, सगळे ताईंचे, पण भांडणाचे नव्हते

११ डिसेंबर

लाइट गेली. इन्व्हर्टर ऑफिसला आहे, राउटरला नाही (कुणी वायर काढून मोबाइल लावला होता, नाव लिहीत नाही). तिफण अर्ध्यात, पॅकेज डाउनलोड होताना नेट गेलं. परत चालवलं तर म्हणतं फोल्डर आधीच आहे. फोल्डर पुसून चालवलं तर म्हणतं डेटाबेस आधीच आहे.

आपल्याकडं याला शब्द आहेच, दुबार पेरणी. आणि ती शेतकऱ्याला जितकी जड जाते तितकी टूल वापरणाऱ्याला नको जायला. म्हणून काम दोन भागात केलं. फाइलींचं सगळं आधी शेजारच्या तात्पुरत्या फोल्डरात होतं आणि पूर्ण झालं की नाव बदलून जागेवर, त्यामुळं अर्धवट फोल्डर कधी दिसतच नाही. फोल्डर त्याच डिस्कवर शेजारी पाहिजे हे महत्त्वाचं, दुसऱ्या डिस्कवर असेल तर नाव बदलणं हे नुसतं नाव बदलणं राहत नाही, कॉपी होते आणि कॉपी अर्ध्यात तुटू शकते. डेटाबेस, मायग्रेशन, हुक ह्या पायऱ्यांना प्रत्येकी आधी विचारायला लावलं, झालंय का, झालं असेल तर पुढं चल. आता दहादा चालवा.

डेटाबेस आधीच आहे आणि आत टेबलं पण आहेत, असं असेल तर मात्र टूल थांबतं आणि हात लावत नाही. पुसायचा पर्याय मुद्दाम ठेवला नाही. पुण्याचा गडी म्हणाला, एक फोर्स फ्लॅग ठेव की. नाही ठेवणार. १८८ वी ओळ अजून डोळ्यासमोर आहे.

आणि ड्राय रन पण केला, म्हणजे काय काय करणार ते नुसतं दाखवायचं, करायचं काही नाही. त्या फ्लॅगचं नाव धूळपेर. पावसाआधी कोरड्यात पेरतात ती धूळपेरणी. तिथं बी जातं, इथं काहीच जात नाही, म्हणून उपमा लंगडी आहे हे मान्य, पण नाव बदलणार नाही.

फोन: २

१४ डिसेंबर, रविवार

इंटर्नला चहा पाजून बोलावलं आणि सांगितलं की रीडमी घे, नवीन प्रोजेक्ट कर, मी मागं बसतो आणि एक शब्द बोलणार नाही. अवघड काम आहे हे, बोलायचं नाही म्हणजे.

तो अडला तीन जागी. नाव विचारल्यावर त्यानं बिनधास्त देवनागरीत टाइप केलं, आणि माझी तपासणी पास झाली! मी पायथॉनलाच विचारत होतो की हे मॉड्यूलचं नाव म्हणून चालेल का, आणि पायथॉन ३ ला देवनागरी नाव चालतं. पोस्टग्रेसला पण चालतं, पण त्याची मर्यादा ६३ बाइट, म्हणजे मात्रा धरून २१ देवनागरी अक्षरं, पोराचं नाव त्याच्यावर गेलं आणि डेटाबेसचं नाव शेपूट तुटून तयार झालं. नंतर जोडायला गेलं तर कुठलं नाव खरं हा घोळ. आता नावं दोन विचारतो, एक दाखवायचं, ते मराठीत कितीही लांब, आणि एक कामाचं, छोट्या इंग्रजी अक्षरात. फोल्डरला मधे आडवी रेघ चालते, पायथॉनला खालची लागते, ते टूल स्वतः बघतं.

दुसरं, पोस्टग्रेस चालू नव्हतं तेव्हा स्क्रीनवर चाळीस ओळींचा ट्रेसबॅक (चूक कुठून कुठं आली त्याची यादी) आला आणि पोरानं वर सरकवून पहिली ओळ वाचली, जी काहीच सांगत नाही. शेवटची वाचायची असते हे त्याला कुणी शिकवलंच नाही. आता अशा ओळखीच्या अडचणींना दोनच ओळी येतात, काय झालं आणि काय कर. "पोस्टग्रेस बंद दिसतंय. चालू करून हीच कमांड परत मार." संदेश मराठीतच ठेवलेत, बोलतो तसे. सविस्तर पाहिजे त्याला वेगळा फ्लॅग. संदेश एररच्या वाटेनं जातात आणि फेल झाल्यावर शून्य सोडून दुसरा कोड परत जातो, जुन्या स्क्रिप्टात सगळं जळालं तरी शेवटी 'यशस्वी' छापायची.

तिसरं, सगळं झाल्यावर पोरगं स्क्रीनकडं बघत बसलं. मी पण बसलो. तीन-चार मिनिटं झाली. मग मीच न राहवून, "काय झालं?" तर म्हणे "झालं का, दादा?" शेवटी एक ओळ वाढवली, झालं, आता ह्या फोल्डरात जा आणि सर्व्हर असा चालव.

फोन: ०, पण रविवार होता

१७ डिसेंबर

ताईंकडं एरर, जी मी १२ तारखेला दुरुस्त केलीय. वीस मिनिटं बोलल्यावर कळलं त्यांच्याकडं जुनंच व्हर्जन. आता 'तिफण व्हर्जन' आहे आणि 'तिफण तपास' पण, ती पायथॉन कुठलं, गिट आहे का, पोस्टग्रेस जागं आहे का, कोडपेज काय, सगळं एका दमात सांगते, चुकलं असेल तिथं फुली. फोन आला तर पहिला प्रश्न, तपास चालवलीस का.

१.० टॅग लावला. बदलांची यादी वेगळ्या फाइलीत.

परवा येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात पूजा आणि जेवणाचा सण, मी शेतात, तिथं रेंज येत नाही आणि तेच पाहिजे.

फोन: ३

१९ डिसेंबर, येळवस

शेतात. ज्वारी कमरेएवढी. कडब्याच्या कोपीत पांडव मांडले, भज्जी, उंडे, आंबील, परत भज्जी. पुण्याचा गडी पण आला होता, त्यानं आंबिलीचा चौथा तांब्या मागितल्यावर आईनं त्याला तिफणीतलं काय कळतं ते विचारलं. आण्णांनी जुनी लाकडी तिफण दाखवली त्याला, गोठ्याच्या मागं पडलेली, एक फण मोडका. आता पेरणी ट्रॅक्टरवरच होते.

संध्याकाळी डांबरी रोडला आल्यावर मोबाइल टिणटिण वाजायला लागला. पोटात गोळा. बघतो तर बँकेचे मेसेज, येळवसच्या शुभेच्छा, आणि नांदेडहून ताईंचा एक, 'दोन प्रोजेक्ट उभे केले. एकात पोस्टग्रेस बंद होतं, त्यानंच सांगितलं.'

फोन: ०

२२ डिसेंबर

ताईंनी मर्ज रिक्वेस्ट (माझा कोड मुख्य कोडात घे अशी विनंती) पाठवलीय. न विचारता. दाळ मिलचं टेम्प्लेट, चौथं, आवक, भरडा, चुनी, तयार दाळ असं सगळं तक्त्यासकट, आणि माझे दोन एरर संदेश बदललेत, "परत मार" ऐवजी "परत चालवा", कारण म्हणे क्लायंटचा मुनीम शेजारी बसलेला असतो, तो वाचतो. पटलं.

टेम्प्लेट चांगलंय, मला इतकं जमलं नसतं, मी मिलमधे इतका वेळ बसलेलोच नाही. फक्त एका ठिकाणी फाइल उघडताना एन्कोडिंग लिहिलेलं नाही. ज्या बाईनं तुळजापूर शोधून काढलं तिनंच! तिथं कमेंट टाकली. अर्ध्या तासात उत्तर, 'दुरुस्त केलं. आणि आता फण चार झाले, नाव चौफण करायचं का?'

नाव बदलणार नाही, असं लिहून पाठवलं.

फोन: १. ताईंचाच. मर्ज कधी करतोस म्हणून.